खुबा बदलायचाय, तारीख मिळेना. वाट पाहताना तुम्ही काय केलं?

अंगणवाडी_ताई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातली, अंगणवाडी सेविका, वय पन्नाशीच्या आतबाहेर. माझा डावा खुबा गेलाय. आधी बरीच वर्षं गुडघाच दुखतो म्हणून गुडघ्याचेच इलाज चालू होते. पट्टा झाला, तेल झालं, गुडघ्यात इंजेक्शनसुद्धा झालं. शेवटी एका डॉक्टरांनी टेबलावर उताणं झोपवलं, पाय वाकवून आतल्या अंगाला फिरवला आणि जांघेतून अशी कळ आली की मी त्यांचं मनगटच धरलं. ते म्हणाले, बाई, गुडघा ठणठणीत आहे तुमचा, खुबा संपलाय. एक्स-रेत गोळा आणि वाटी यांच्यामध्ये फट म्हणून राहिलेली नाही.

सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशनला मंजुरी आली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथले लोक वाईट नाहीत. भरती झाले, रक्त-लघवी, ईसीजी, टूडी इको सगळं झालं, रात्रीपासून उपाशी ठेवलं. दुपारी ब्रदर येऊन सांगून गेले, आज होणार नाही, अपघाताची केस आलीय. मग घरी पाठवलं. पुढच्या वेळी लघवीत इन्फेक्शन निघालं. त्याच्या पुढच्या वेळी सांध्याचं सामान आलं नाही. आता फोन केला की एकच उत्तर, 'बघू पुढच्या आठवड्यात.'

दुखणं सोसते हो मी. पण तारीख नसली की सगळं घर टांगणीला लागतं. सोयाबीन काढायला आलंय, लेक बाळंतपणाला यायचीय, आणि रजेचा अर्ज टाकायचा तर कोणत्या तारखेपासूनचा टाकू? पर्यवेक्षिका विचारतात तेव्हा सांगायला काही नसतं. अंगणवाडीत पोरं सतरंजीवर आणि मी खुर्चीवर. तान्ह्या बाळाची लांबी मोजायची फळी जमिनीवर ठेवावी लागते. डोकं एकीने धरायचं, दुसरीने टाचा दाबून आकडा वाचायचा. मला खाली बसताच येत नाही, म्हणून मदतनीस बाळाच्या आईला हाताशी घेते आणि मी उभ्याने वहीत लिहिते. आकडा बरोबर वाचला का, याची धाकधूक राहते ती वेगळीच.

तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी हे दिवस कसे काढले ते सांगा. रात्री कूस बदलता येत नाही. संडास देशी आहे. आणि दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर चालतात का? मेडिकलवाला देतो मागितल्या की.

औंढ्याचा_पाहुणा

ताई, गुडघ्याच्या इलाजात वर्षं जाण्यावर +१. आमच्या आईचं अगदी हेच. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

संडासाचं आजच्या आज बघा. बांधकाम काढू नका. मधे भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, ती देशी भांड्यावर ठेवायची. ॲल्युमिनियमची घेऊ नका, फरशी ओली असली की सरकते. लोखंडी घ्या आणि पायांना जाड रबरी बूच आहेत का ते पाहून घ्या. ऑपरेशननंतर ती लागणारच आहे, पैसे वाया जात नाहीत.

योजना_खिडकी

मी काही वर्षं आरोग्यमित्र म्हणून, म्हणजे दवाखान्यात योजनेच्या रुग्णांना मदत करणारा म्हणून, खिडकीवर बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'तारीख पुढे गेली' हे एकच वाक्य रुग्णाला ऐकू येतं, पण त्यामागे कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा माणूस वेगळा असतो. ताईंच्याच बाबतीत बघा. अपघाताची केस आली हा ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा विषय. लघवी हा फिजिशियनचा. सामान आलं नाही हा पुरवठादाराचा आणि ऑफिसचा. 'बघू' म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही फोन करता, पण अडकलंय ते त्याच्याकडे नसतंच. म्हणून पहिला प्रश्न 'कधी होईल' हा विचारू नका, 'आत्ता कशासाठी थांबलंय' हा विचारा. उत्तर मिळालं की त्या खिडकीवर जा.

दुसरं, मंजुरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तपासण्या, ऑपरेशन, भूल, सांधा, औषधं, जेवण हे सगळं पॅकेजमध्ये येतं. घरी जायचं एसटीचं भाडंसुद्धा येतं, ते फार कमी लोक मागतात. पण मंजुरीला मुदत असते. तारखा पुढे पुढे गेल्या आणि मुदत संपली तर पुन्हा पाठवावी लागते, आणि तो वेळ कुणी मोजत नाही. आरोग्यमित्राकडे जाऊन विचारा, माझी मंजुरी चालू आहे का, काही क्वेरी पडलीय का. क्वेरी म्हणजे बहुतेक वेळा साधीच गोष्ट असते. एक्स-रेचा फोटो पुसट आलाय, किंवा रेशन कार्डावर नाव मंदा आणि आधारवर मंदाकिनी. बायकांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं नाव हा घोळ ठरलेलाच. हे भरती व्हायच्या आधी निस्तरता येतं.

ज्यांना वाटतं की आपलं कार्ड पांढरं म्हणून आपण बसत नाही, त्यांच्यासाठी. आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांना सातबाऱ्यावर पांढऱ्या कार्डानेही लाभ आधीपासून मिळत होता. २०२३ च्या शासन निर्णयाने योजना सगळ्याच रेशन कार्डधारकांसाठी खुली झाली, आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं. तक्रार किंवा चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. फोन केल्यावर तक्रारीचा नंबर लिहून घ्या, नुसतं बोलून ठेवू नका.

पुणेकर_मूळचा_नांदेडचा

एवढं सगळं करण्यापेक्षा खासगीत करून मोकळं व्हावं असं माझं स्पष्ट मत. दोन-अडीच लाखांचा प्रश्न आहे. माणूस वर्षभर लंगडत बसण्यापेक्षा बरं.

औंढ्याचा_पाहुणा

दोन-अडीच लाखांचाच प्रश्न आहे खरा! तोच तर प्रश्न आहे, भाऊ.

योजना_खिडकी

@पुणेकर, अंगणवाडी सेविकेचं मानधन किती असतं ते एकदा विचारून बघा आणि मग लिहा. शिवाय एक माहिती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, खुब्याच्या सांध्याला तशी मर्यादा लावली नाही. त्यामुळे खासगीत आकडा बराच हलतो. जायचंच असेल तर धर्मादाय रुग्णालय बघा. धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हे मागावं लागतं, कुणी बोलावून देत नाही.

कोयता_आणि_कॉलेज

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील ऊसतोडीला जातात. वडिलांचा उजवा खुबा. आमची अडचण उलटी आहे. आम्हाला तारीख मिळाली, पण दिवाळीनंतरची. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. ती बहिणीच्या लग्नात गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. वडील मागे राहिले तर आई अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्यावर उचल फिटत नाही, वरती पुढच्या सालावर चढते.

दवाखान्यात सांगितलं की एप्रिलमध्ये द्या, कारखाना बंद झाल्यावर. ते म्हणले, एप्रिलचं आत्ता कोण लिहून देणार? बरोबरच आहे त्यांचं. पण आमचंही बरोबर आहे.

गेल्या हंगामात वडील तोडायचे, मोळ्या बांधायचे, पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं आईने केलं. वडील खाली उभे राहून नुसते बघायचे. त्यांना दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं असावं, असं मला वाटतं. बोलत नाहीत ते. रात्री कोपीत, म्हणजे झोपडीत, खाली अंथरुणावर झोपायचं आणि पहाटे उठताना कोपीच्या मेढीला धरून उठायचं. मेढ हलली की आई ओरडायची.

कुणी ऊसतोडीतल्या माणसाने खुबा बदलून पुन्हा काम केलंय का? खरं सांगा, गोड सांगू नका.

ऑर्थो_निवासी

(मराठवाड्यातल्याच एका सरकारी महाविद्यालयात शिकतोय. कॉलेज विचारू नका. इथे लिहिलेलं म्हणजे तपासणी नव्हे.)

@कोयता, खरं सांगतो. खुबा बदलल्यावर माणूस चालतो, जिना चढतो, शेतात फिरतो, पाणी धरतो, दुकान चालवतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढणं, रोज, सहा महिने, हे मी माझ्या रुग्णाला करू देणार नाही. सांधा झिजतो, सैल होतो, आणि तोल गेला तर निखळतो किंवा आजूबाजूचं हाड मोडतं. दुसऱ्यांदा बदलायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच अवघड असतं. तेव्हा काम बदलायचा विचार आत्तापासूनच करा, ऑपरेशननंतर नव्हे.

तारखेबद्दल. एप्रिल लिहून मिळणार नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन तपासण्या आणि फिजिशियनची फिटनेस करून घेता येते का ते विचारा. म्हणजे एप्रिलमध्ये पहिल्या पायरीपासून सुरुवात नको. मेच्या आत झालं तर पेरणीपर्यंत काठीवर चालायला लागतील. पेरणी करतील असं म्हणत नाही.

आता ताईंच्या प्रश्नांकडे. आमच्याकडे टेबल मोजकी असतात. खुबा बदलणं हे जिवावरचं ऑपरेशन नाही, म्हणून हाड बाहेर आलेला अपघाताचा पेशंट आला की टेबल त्याला जातं. हे आम्हालाही आवडत नाही. उपाशी ठेवलेल्या माणसाला 'आज नाही' सांगायला पाठवतात ते आम्हालाच.

सामानाचं म्हणाल तर वाटी ४८ ची बसेल का ५२ ची, याचा एक्स-रेवरून अंदाजच येतो. नक्की कळतं ते ओटीत, वाटी घासून काढल्यावर. त्यामुळे पुरवठादाराला सगळ्या मापांचे पेटारे घेऊन यावं लागतं. एक माप कमी असेल तरी वरिष्ठ सुरू करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

लघवीच्या इन्फेक्शनवरून थांबवलं त्याचा राग धरू नका. रक्तातून जंतू नव्या सांध्यापर्यंत गेले तर कधी कधी तो सांधा काढून टाकावा लागतो, आणि माणूस महिनोन् महिने सांध्याविना पडून राहतो. म्हणून वाट पाहायच्या काळात हे बघा: लघवीला जळजळ, किडलेला दात, हलणारा दात, नखुरडं, टाचेच्या भेगा, मांडीच्या सांध्यात ओलाव्याने झालेली बुरशी. यातलं काहीही असलं तर भरती व्हायच्या आधी सांगा, भूलवाल्यांच्या समोर नव्हे. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. ती ८ च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. आणि मिसरी. गावाकडच्या बायका डॉक्टरांना सांगतच नाहीत. तंबाखू कोणत्याही रूपात असली तरी जखम भरायला वेळ लागतो.

गोळ्या: रोज उठून मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या किडनी आणि जठर दोन्ही बिघडवतात. किडनीचा रिपोर्ट बिघडला की पुन्हा तारीख गेली. पॅरासिटामॉलपासून सुरुवात, तीही विचारून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, मनाने बंद करू नका.

खरीप_रब्बी

आमच्या गावात एक जण महिन्याला पुड्या घेऊन येतो. संधिवाताच्या. दोन दिवसांत दुखणं गायब. वाट पाहायची आहेच तर तोवर त्या घ्यायला काय हरकत?

ऑर्थो_निवासी

हरकत आहे. दोन दिवसांत दुखणं गायब करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड निघतं. साखर वाढते, तोंड सुजतं, हाड ठिसूळ होतं, आणि गंमत म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडायच्या मुख्य कारणांपैकी एक स्टेरॉइडच. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद करणंही धोक्याचं आहे, म्हणून घेत असाल तर लाजू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

जिम_बंद

मी त्यातलाच. वय ३४, छत्रपती संभाजीनगर. २०२१ च्या लाटेत ऑक्सिजनवर होतो, तेव्हा स्टेरॉइडने जीव वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. काही महिन्यांनी जांघेत दुखायला लागलं. एक्स-रे नॉर्मल. जिममध्ये स्नायू ताणला गेला असेल म्हणून सोडून दिलं. एमआरआय केला तेव्हा कळलं, दोन्ही बाजूंना एव्हीएन, म्हणजे वर डॉक्टरांनी लिहिलंय तेच, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद. डाव्या बाजूला ड्रिल करून दाब कमी करायचं ऑपरेशन झालं, ती बाजू अजून टिकून आहे. उजवीचा गोळा चपटा झालाय, ती बदलायची.

माझी वाट पाहणं वेगळ्या प्रकारचं. लोकांना दिसत नाही. चौतिशीचा धट्टाकट्टा माणूस बसमध्ये ज्येष्ठांच्या सीटवर बसला की म्हाताऱ्या बाया तोंडावर बोलतात. काठी वापरायची लाज वाटते आणि काठी नसली की शिव्या बसतात. लग्नाचं चाललं होतं, ते थांबलं. मुलीकडच्यांना 'खुबा बदलणार' म्हटलं की त्यांना म्हातारपण ऐकू येतं. कंपनीत शिफ्टला उभं राहायचं काम आहे. सुपरवायझरने स्टूल दिलं, मग दुसऱ्याने विचारलं, यालाच का.

एक प्रश्न निवासी डॉक्टरांना. मी चाळिशीपर्यंत थांबावं का? एक जण म्हणतो थांब, सांध्याला आयुष्य असतं. दुसरा म्हणतो करून टाक.

किल्लारी_९३

याचं उत्तर मी माझ्या अनुभवावरून देतो, डॉक्टर नंतर देतीलच.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ ला, मी बारा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून झोपलो होतो. दगड-मातीची भिंत कंबरेवर आली, खुबा निखळला आणि वाटीही मोडली. मला काढलं तेव्हा दिवस वर आला होता. सोलापूरला नेलं. तेव्हा पायापेक्षा जीव महत्त्वाचा होता, पायाचं जे झालं ते झालं. पाय आखूड राहिला.

तिशीत लातूरला डॉक्टरांनी सांगितलं, सांधा पूर्ण खराब आहे, पण तू लहान आहेस, जेवढं लांबवशील तेवढं बरं. मी लांबवलं. एवढं लांबवलं की आता कंबरही गेली आणि चांगल्या पायाचा गुडघाही गेला, कारण इतकी वर्षं सगळा भार त्यानेच उचलला. मांडीचे स्नायू आटलेत. आता डॉक्टर म्हणूलालेत, आधी केलं असतं तर सोपं झालं असतं. त्या वेळच्या डॉक्टरांचंही चुकलं असं नाही, तेव्हा तसंच सांगायचे.

लांबवायच्या वर्षांत मला दोन गोष्टींनी तारलं. लातूरच्या गंजगोलाईत एक जण चपलेला जाड सोल लावून देतो, आखूड पायाच्या चपलेला. सगळा फरक भरून काढायचा नाही, थोडा कमीच ठेवायचा. आणि काठी. मी पुष्कळ वर्षं दुखऱ्या बाजूलाच काठी धरायचो, सगळे तशीच धरतात. मग फिजिओच्या मॅडमनी हातातून काढून दुसऱ्या हातात दिली.

फिजिओ_उदगीर

हो, काठी नेहमी चांगल्या बाजूच्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे. त्या पायावर उभं राहताना कंबर दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून खुब्याच्या बाजूच्या स्नायूला जोर लावावा लागतो, आणि तो जोर सांध्यावरच येतो. विरुद्ध हातातली काठी तो जोर वाचवते. काठीची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत यावी.

वाट पाहताना व्यायाम करायचा का, असं सगळे विचारतात. करायचा. ऑपरेशनमध्ये हाड बदलतात, स्नायू तुमचाच राहतो. बाजेवर नको, कडक पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या आणि गुडघा खाली दाबून मांडी आवळा. पाचपर्यंत मोजून सोडा. पार्श्वभाग आवळून सोडा. घोट्यापासून पावलं वरखाली. हाताची ताकदही लागते, वॉकरवर सगळा भार हातांवर असतो, म्हणून हात असलेल्या खुर्चीवर बसून हातांनी अंग उचलायची सवय करा. जांघेत कळ आली की तिथे थांबायचं. उकिडवं बसायचा 'सराव' मात्र करू नका. काही जण करतात, खाली बसायची सवय मोडू नये म्हणून.

ताई, रात्रीसाठी: दुखरी बाजू वर ठेवून कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मधे जाड उशी. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर पाऊल खाली पडतं आणि खुबा पिळला जातो. जुनी वाकळ गुंडाळून बांधली तरी चालते.

ऑर्थो_निवासी

@जिम_बंद, वयाचा आकडा आता पूर्वीसारखा पाहत नाहीत. ज्या देशांत प्रत्येक सांध्याची नोंद ठेवतात तिथल्या आकडेवारीत दहापैकी साधारण सहा खुबे २५ वर्षं टिकलेले दिसतात, आणि त्यातले बरेचसे जुन्या बनावटीचे होते. आताचं प्लास्टिक आणि सिरॅमिक कमी झिजतं. तुमच्या वयाला पुढे कधीतरी दुसरं ऑपरेशन लागू शकतं, हे धरून चाला. पण किल्लारीकर काकांनी लिहिलंय ती किंमतही धरा. रात्री झोप लागत नाही, मोजा घालता येत नाही, आणि गोळीशिवाय दिवस निघत नाही, असं झालं की थांबण्यात फायदा उरत नाही. तुमच्या सर्जनशी हे बोला.

आणि सगळ्यांनीच: ऑपरेशननंतर सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर केस पेपरवर लावतात. त्याची झेरॉक्स मागून घ्या. २०१० मध्ये धातूवर धातू घासणारा एक सांधा जगभरातून परत मागवला होता, तेव्हा आपल्याकडे कुणाला कोणता बसवलाय हे शोधणं फार अवघड गेलं.

सेलूची_सून

मधेच विचारते, माफ करा. आजेसासूबाई परवा न्हाणीघरात पडल्या, ७८ वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलंय. तालुक्याला म्हणाले, आठ-दहा दिवसांनी तारीख घ्या. घरी आणून वजन बांधून ठेवलंय. हा धागा वाचून वाटलं की इतकी वाट सगळेच बघतात.

ऑर्थो_निवासी

नाही, ताई. ही वेगळी गोष्ट आहे. झिजलेला खुबा थांबू शकतो, म्हाताऱ्या माणसाचा मोडलेला खुबा थांबवू नये. शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हावं असं मानतात. पडून राहिलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. आजच १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात अपघात विभागात न्या, ओपीडीत नव्हे. उद्यावर टाकू नका.

सेलूची_सून

निघतोय.

व्यवस्थापक

काही प्रतिसादांत डॉक्टरांची आणि पुरवठादारांची नावं व मोबाइल नंबर होते, ते काढले आहेत. एका विशिष्ट दवाखान्याविरुद्धचा प्रतिसादही काढला आहे. अनुभव लिहा, नावं नकोत. पुड्यांची जाहिरात करणारा आयडी बंद केला आहे.

पुणेकर_मूळचा_नांदेडचा

वरचं माझं वाक्य जरा तोडून टाकल्यासारखं झालं खरं. पण मुद्दा सोडत नाही. वाट पाहण्याचाही खर्च असतो आणि तो कुणी धरत नाही. माझ्या काकांनी योजनेतून फुकट व्हावं म्हणून दीड वर्ष काढलं. त्या काळात बटईने दिलेलं शेत, ठेवलेला गडी, दर खेपेला दवाखान्यापर्यंतची जीपगाडी. हिशेब मांडला तर फुकट नव्हतं.

योजना_खिडकी

हे मात्र शंभर टक्के मान्य. जीपऐवजी एसटीने जमत असेल तर बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. ४० टक्क्यांच्या वर अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ७५ टक्के सवलत. पण दुखऱ्या खुब्याने एसटीची पायरी चढणं हेच मोठं काम, तेही खरं.

अंगणवाडी_ताई

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. योजना_खिडकी दादांनी सांगितलं तसं 'कधी' न विचारता 'कशासाठी थांबलंय' विचारलं. फोनवरचा माणूस दोन मिनिटं गप्पच झाला. मग म्हणाला, थांबा, फाइल बघतो. निघालं काय, तर सामान कधीच आलंय, पण मंजुरीची मुदत संपलीय आणि ती पुन्हा पाठवायची राहिलीय. कुणाच्या लक्षातच आलं नाही. आरोग्यमित्राकडे गेले, त्यांनी समोर बसून पाठवली. एक्स-रे नवा मागितला, तो काढला.

लघवी पुन्हा तपासली, स्वच्छ आहे. दात दाखवले, एक काढावा लागला. मिसरीचं डॉक्टर तुम्ही बरोबर ओळखलंत, माझं मीच कबूल करते. डबी जावेला देऊन टाकली. जाऊ आता दोन्ही डब्या लावते, ते जाऊ द्या.

रजेचा अर्ज तारीख मोकळी ठेवून आणि मंजुरीची प्रत जोडून पर्यवेक्षिकांकडे देऊन ठेवलाय. त्या म्हणाल्या, असा अर्ज मी पहिल्यांदा बघतेय, पण ठेवते. लांबीची फळी मदतनिसीने दोन बाकं जोडून वर ठेवली, आता मी उभ्याने टाचा धरू शकते. बाळाची आई तेवढी घाबरते, पोर पडेल म्हणून, तर तिला बाजूला उभं करतो.

आता गुरुवारच्या यादीत नाव आहे म्हणतात. यादीत आहे म्हणजे होईलच असं नाही, हे मला कळलंय. सोबत काय न्यायचं ते कुणी सांगेल का? मागच्या खेपेला पाटीभर सामान नेलं होतं आणि लागलं त्यातलं काहीच नाही.

औंढ्याचा_पाहुणा

आईच्या वेळचं सांगतो. साडी नकोच, पुढून उघडणारे सैल गाऊन तीन-चार. मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल, कारण दुसऱ्या दिवशीच वॉकरवर उभं करतात. लांब दांड्याचा चमचा किंवा मुलांच्या खेळण्यातला चिमटा, खाली पडलेलं उचलायला. ऑपरेशननंतर काही आठवडे वाकायचं नसतं, पायावर पाय टाकायचा नसतो, मांडी घालायची नसते. उंच, घट्ट उशी घरची न्या. रक्त देणारी दोन माणसं आधीच सांगून ठेवा आणि त्यांना सकाळी उपाशी येऊ नका म्हणावं, चक्कर येऊन तीच पडतात. मोबाइलच्या चार्जरची वायर लांब असू द्या, वॉर्डात बोर्ड नेमका पलंगापासून लांब असतो. रेशन कार्ड आणि आधार मूळ प्रती, आणि प्रत्येकी पाच झेरॉक्स.

फिजिओ_उदगीर

आणि घरून निघण्याआधी पलंगाखाली दोन-दोन विटा लावून उंची वाढवून ठेवा. बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत. हे काम परत आल्यावर कुणी करत नाही, तेव्हा सगळे पेशंटभोवती उभे असतात. परत जाताना गाडीचं पुढचं सीट मागे सरकवून थोडं आडवं करा, आणि रिक्षा टाळा.